फडाचे नियम आणि मुक्तस्रोत आज्ञावलीतील योगदान

१

अनेकांनी मिळून उभारलेली आणि कोणा एकाच्या मालकीची नसलेली वस्तू टिकते कशी, हा समाजशास्त्राइतकाच इतिहासाचाही प्रश्न आहे. अशा वस्तूचा उपभोग घेण्यास सर्वच पुढे येतात. तिच्या दुरुस्तीचा भार मात्र कोणी उचलावा, कोणाच्या संमतीने उचलावा आणि केलेली दुरुस्ती योग्य झाली किंवा नाही हे कोणी ठरवावे, याविषयी एकमत होणे कठीण असते. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामायिक मालमत्तेच्या शोकांतिकेवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी अशी मालमत्ता अखेरीस नाशच पावते असे प्रतिपादन केले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जगातील अनेक दीर्घजीवी व्यवस्थांचे दाखले देऊन या मताचा प्रतिवाद केला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः याच कार्याबद्दल होय.

या वादाच्या संदर्भात खानदेशातील एका जुन्या व्यवस्थेचा आणि गेल्या तीन-चार दशकांत उदयास आलेल्या एका नव्या व्यवस्थेचा एकत्र विचार करणे उद्बोधक ठरेल. पहिली धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरील फड पद्धती, आणि दुसरी संगणकाच्या मुक्तस्रोत आज्ञावलीत बाहेरच्या व्यक्तीने भर कशी घालावी यासंबंधीची नियमव्यवस्था. या दोहोंचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध काही नाही. परंतु दोन्ही ठिकाणी सोडवावयाचा प्रश्न एकच आहे, आणि एकीच्या प्रकाशात दुसरीचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते.

२

पांझरा नदी सह्याद्रीत पिंपळनेरच्या पश्चिमेस उगम पावते आणि साक्री व धुळे या तालुक्यांतून वाहत जाऊन मुडावद येथे तापीला मिळते. हिच्या पात्रात, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांच्या पात्रांत, ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याने अडविलेले पाणी पाटाने गावाच्या शिवारात नेले जाते. पाटाची लांबी दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत आढळते. पाटापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून सारंग आणि सारंगातून शेतात, असा पाण्याचा मार्ग असतो. जादा झालेले पाणी सांडमांवाटे पुन्हा नदीकडे जाते. अभ्यासक या पद्धतीचे वय साधारणतः तीनशे ते चारशे वर्षे मानतात.

बंधाऱ्याखाली कायम भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुधा चार भाग पाडलेले असतात. या भागालाच फड म्हणतात. एका फडाचे क्षेत्र दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत असू शकते. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे आणि कोणता फड पडीत ठेवावा, याचा निर्णय दरवर्षी गावाने एकत्र बसून करावयाचा असतो. एका फडात एकच पीक, हा या पद्धतीचा पाया होय. एखाद्या फडात ऊस ठरला तर त्या फडातील प्रत्येक शेतकऱ्याने ऊसच लावला पाहिजे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे एखादा फड पडीत ठेवला म्हणून कोणी सर्वस्वी उपाशी राहत नाही, आणि उसाचा लाभही थोड्यांच्याच पदरी पडत नाही.

वरवर पाहता हा नियम व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर घातलेला निर्बंध वाटेल. परंतु त्याचे खरे प्रयोजन निराळे आहे. फडात पीक एकच असले म्हणजे सर्व शेतांना पाण्याची गरज एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात लागते. पाणी फडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने देत जाता येते. कोणाला किती पाणी मिळाले याची पाहणी करण्यास मोजमापाचे यंत्र लागत नाही, कारण शेजाऱ्याच्या पिकाकडे नजर टाकली तरी अन्याय कोठे झाला ते तत्काळ कळते. पाण्यासाठी प्रत्येकाने निरनिराळा अर्ज करण्याचेही कारण उरत नाही. म्हणजेच हा नियम तपासणीचे काम सोपे करणारा नियम आहे.

व्यवस्था पाहण्यासाठी पंच असतात आणि त्यांच्या हाताखाली गावाने नेमलेले सेवक असतात. पाटकरी पाटावर नजर ठेवतो, जागल्या फडातील पाणी आणि पिके राखतो, हवालदार जागल्यांवर देखरेख करतो आणि बारेकरी प्रत्यक्ष शेतात पाणी देतो. पाणी देणे हे मालकाचे काम नसून सेवकाचे काम आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतःच्या शेताकडे पाणी वळविण्याचा मोह ज्याला होण्याचा संभव, त्याच्या हाती फावडे द्यावयाचे नाही, असा त्यातील हेतू दिसतो. पाटातील गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी करणे ही कामे लाभधारकांनी मिळून करावयाची असतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याचे श्रम त्याच्या जमिनीच्या प्रमाणात ठरतात. पाणी कमी असेल त्या वर्षी पंच भिजवावयाचे क्षेत्रच आखडून घेतात. त्यामुळे टंचाईचा भार एकट्या शेपटाकडच्या शेतकऱ्यावर न पडता तो सर्वांवर वाटला जातो.

पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, गिरणेवर जामदा येथे एकोणिसाव्या शतकात सरकारने बांधलेला बंधारा व त्याचे कालवे हा याहून निराळा नमुना होय. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने सरकारी कालव्यांची जी व्यवस्था लावून दिली, तीत शेतकरी एकेकटा अर्ज करणार, अधिकारी मंजुरी देणार आणि शेजपाळीने पाणी सुटणार, असा क्रम रूढ झाला. पहिल्या व्यवस्थेत नियम करणारे व पाळणारे एकच होते, तर दुसरीत ते विभागले गेले. हा भेद पुढील विवेचनास उपयोगी पडेल.

३

आता दुसऱ्या व्यवस्थेकडे वळू. संगणकाला काम सांगणाऱ्या आज्ञावलीची मूळ संहिता, जिला व्यवहारात कोड म्हणतात, ती सर्वांना वाचावयास, बदलावयास आणि पुन्हा वाटावयास मोकळी ठेवणे, हे मुक्तस्रोत चळवळीचे तत्त्व होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८९ मध्ये या प्रकल्पाच्या सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती निघाली. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता जाहीर केली. पुढे लिनक्स या नावाने प्रसिद्ध पावलेली हीच प्रणाली १९९२ पासून त्या परवान्याखाली वाटली जाऊ लागली. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ साली रूढ झाले.

परवाना घेण्याचा हक्क सांगतो, परंतु देण्याची रीत सांगत नाही. आज्ञावली कोणीही घ्यावी, असे लिहून ठेवले म्हणून कोणीही तीत बदल करून तो मूळ संहितेत घुसवू शकतो, असे नव्हे. बाहेरच्या व्यक्तीने केलेला बदल, ज्याला पॅच म्हणतात, तो स्वीकारावयाचा की नाही हे त्या त्या भागाचा राखणदार, म्हणजे मेंटेनर, ठरवितो. १९९५ मध्ये जमलेल्या अपाची गटाने आपल्या सर्व्हरसाठी मतदानाची रीत घातली. तीत संहितेतील बदलाला कोणाही एका अधिकृत सदस्यास नकार देता येत असे, परंतु त्या नकाराबरोबर तांत्रिक कारण देणे त्याजवर बंधनकारक होते. कारणाशिवाय दिलेला नकार ग्राह्य धरला जात नसे. पंचांच्या निवाड्यात आणि पाटलाच्या मर्जीत जो फरक आहे, तोच येथे दिसून येतो.

लिनक्सच्या बाबतीत प्रारंभीची रीत बव्हंशी तोंडी परंपरेसारखी होती. पुढे ती संहितेबरोबरच वाटल्या जाणाऱ्या दस्तऐवजांत लिहून ठेवण्यात आली. या नियमांचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल. ज्या दोषाचे निवारण करावयाचे, त्याचे वर्णन आधी करावे. एका पॅचमध्ये एकच तर्कशुद्ध बदल असावा. दोन निराळ्या गोष्टी असल्यास त्यांचे दोन पॅच करावेत. संहितेची मांडणी ठरलेल्या शैलीतच असावी. बदल त्या भागाच्या राखणदाराकडेच पाठवावा. तपासणाऱ्याने विचारलेल्या प्रत्येक शंकेचे उत्तर द्यावे. प्रणालीवर अवलंबून असलेल्या वापरकर्त्याचे चालू काम नव्या बदलामुळे मोडता कामा नये.

एका पॅचमध्ये एकच बदल हा नियम आणि एका फडात एकच पीक हा नियम यांतील साम्य केवळ शब्दांचे नाही. दोहोंचे कारण एकच आहे. शंभर ओळींच्या बदलात एक दोषनिवारण, एक नवी सोय आणि काही निव्वळ सजावट अशी सरमिसळ असेल, तर तपासणाऱ्याला कोणती ओळ कशासाठी आहे हे कळत नाही. पुढे काही बिघडल्यास नेमका तेवढाच बदल मागे घेणेही अशक्य होते. एकजिनसी बदल मात्र एका दृष्टिक्षेपात जोखता येतो, जसे एकजिनसी पीक जोखता येते.

४

येथे एक आक्षेप उपस्थित होण्यासारखा आहे. पाणी वापरले म्हणजे संपते, एकाने घेतले तर दुसऱ्याला कमी पडते. आज्ञावलीची प्रत कितीही जणांनी घेतली तरी ती कमी होत नाही. मग पाण्याच्या वाटपाचे नियम तेथे लागू करण्याचे प्रयोजन काय?

आक्षेप योग्य आहे, परंतु तो अर्धाच योग्य आहे. आज्ञावलीची प्रत अक्षय असली तरी तिची तपासणी करणाऱ्याचा वेळ अक्षय नाही. हजार व्यक्ती हजार बदल पाठवू शकतात, परंतु ते वाचणारे, पडताळणारे आणि त्यांची जबाबदारी घेणारे थोडेच असतात. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, रेंगाळलेल्या कामावर अधिक माणसे घातल्यास ते आणखी रेंगाळते, कारण परस्परांना समजावून सांगण्याचा व्यापच वाढतो. मुक्तस्रोत प्रकल्पातील खरे दुर्मीळ पाणी म्हणजे राखणदाराचे अवधान होय, आणि योगदानाचे सर्व नियम हे वस्तुतः त्या पाण्याच्या वाटपाचे नियम होत. अपुरे वर्णन, अनेक बदलांची गल्लत किंवा चुकीच्या माणसाकडे पाठविलेला पॅच, यांमुळे एकाने वाया घालविलेला वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून जातो. हे एकदा ध्यानात आले म्हणजे नवख्या माणसास जाचक वाटणाऱ्या नियमांमागील न्यायबुद्धी लक्षात येते.

यंत्राने रचलेल्या संहितेचा जो प्रश्न अलीकडे उद्भवला आहे, त्याचाही उलगडा याच दृष्टीने होतो. २०२४ च्या एप्रिल महिन्यात जेंटू प्रकल्पाने आणि त्यानंतर मे महिन्यात नेटबीएसडी प्रकल्पाने अशा योगदानावर निर्बंध घातले. अशी संहिता निर्माण करण्यास श्रम जवळजवळ पडत नाहीत, पण तपासण्यास मात्र पूर्वीइतकेच पडतात. देणाऱ्याचे कष्ट आणि राखणदाराचे कष्ट यांतील प्रमाण बिघडले म्हणजे जुना पाट नव्या पुराला पुरत नाही.

५

योगदानाच्या नियमांचे दुसरे अंग म्हणजे मूळ सांगण्याची जबाबदारी. २००३ च्या मार्चमध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा दाखल केला. त्यात लिनक्समध्ये परक्या मालकीची संहिता शिरल्याचा आरोप होता. दाव्याचा निकाल काय लागला यापेक्षा त्याने उघडी पाडलेली उणीव महत्त्वाची होती. कोणती ओळ कोणाकडून आणि कोणत्या हक्काने आली, याची सुसंगत नोंदच नव्हती. म्हणून २००४ मध्ये मूळस्थानाचे प्रमाणपत्र अस्तित्वात आले. प्रत्येक योगदात्याने आपल्या पॅचखाली स्वतःच्या नावाची ओळ लिहून असे प्रतिज्ञापूर्वक सांगावयाचे की, ही रचना माझी आहे किंवा ती देण्याचा हक्क मला आहे. ती पुढे नेणारा प्रत्येक राखणदार त्याखाली आपली ओळ जोडतो. पुढील वर्षी, म्हणजे एप्रिल २००५ मध्ये, टॉरवाल्ड्स यांनीच रचलेल्या गिट या साधनामुळे प्रत्येक बदलाचा वंशवृक्ष आपोआप जतन होऊ लागला.

इतिहासाच्या अभ्यासकास ही रीत अपरिचित वाटू नये. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला तेव्हा त्यांचा आग्रह अस्सल कागदाविषयी होता. कागद कोणाचा, कोठला आणि कोणत्या काळचा, हे ठरल्यावाचून त्याच्या आधारे केलेले विधान त्यांना मान्य नसे. त्यांचा अंत ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाला, आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये त्याच शहरात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अनेक घराण्यांच्या दप्तरांतून आलेले कागद एका सामायिक भांडारात ठेवावयाचे, ते सर्वांना खुले करावयाचे, पण प्रत्येकाचे मूळ मात्र पुसू द्यावयाचे नाही, ही साधन-प्रकाशनाची शिस्त आणि मूळस्थानाच्या प्रमाणपत्रामागील शिस्त यांत तत्त्वतः अंतर नाही. खुलेपणा आणि नोंद यांपैकी एक नसेल तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही.

६

नियम असूनही व्यवस्था का ढासळतात, हा अखेरचा प्रश्न. पांझरेच्या फडांची आज पूर्वीची स्थिती राहिलेली नाही. वरच्या अंगास पांझरेवर लाटीपाडा आणि कान नदीवर मालनगाव ही धरणे झाली, मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर झाले, आणि अलीकडे पांझरेवरच अक्कलपाडा प्रकल्प उभा राहिला. नदीतील पाणी कोणत्या वेळी व किती यावे हे ठरविण्याचा अधिकार बंधाऱ्यावरील पंचांकडून धरणावरील कचेरीकडे गेला. दुसरीकडे विहिरी आणि पंप वाढले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याला फडाच्या ठरावाची गरज उरली नाही, आणि ज्याला ठरावाची गरज नाही तो गाळ काढण्यास येईनासा झाला. विशेष म्हणजे विहिरीत उतरणारे पाणी बरेचसे पाटातूनच पाझरलेले असते. ज्या सामायिक व्यवस्थेवर आपण उभे आहोत ती डोळ्यांना दिसेनाशी झाली म्हणजे तिच्यासाठी श्रम करण्याची बुद्धीही नाहीशी होते.

मुक्तस्रोत जगातही याचेच प्रत्यंतर येते. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्या ओपनएसएसएल या आज्ञावलीवर विसंबून होती, तिच्यातील हार्टब्लीड नावाचा दोष एप्रिल २०१४ मध्ये उजेडात आला. दोन वर्षांहून अधिक काळ तो संहितेत निमूटपणे पडून होता. एवढ्या मोठ्या वापराच्या मानाने ती राखणारे मूठभरच होते, ही गोष्ट तेव्हा कोठे सर्वांच्या ध्यानात आली. एक्सझेड या दाबसाधनाचे प्रकरण त्याहून गंभीर होते. थकलेल्या एकट्या राखणदाराला मदत करण्याच्या मिषाने एका अज्ञात व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ बिनचूक योगदान देऊन विश्वास संपादन केला, राखणदाराचे अधिकार मिळविले आणि मग संहितेत चोरवाट ठेवली. अँड्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञास दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब आढळला. त्याने त्याचा पाठपुरावा केला म्हणून २९ मार्च २०२४ रोजी हा कट उघड झाला.

या प्रकरणात पॅच पाठविण्याचा एकही बाह्य नियम मोडला गेला नव्हता. मोडले होते ते राखणदारीचे मनुष्यबळ. फडात जागल्यावर हवालदार आणि हवालदारावर पंच असत, आणि पंचांवर साऱ्या गावाची नजर असे. येथे जागल्या एकटाच होता आणि त्याच्या मागे गाव उभे नव्हते. ऑस्ट्रॉम यांनी दीर्घजीवी व्यवस्थांची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत राखणदार लाभधारकांना उत्तरदायी असणे आणि लाभाच्या प्रमाणात भार उचलला जाणे ही दोन प्रमुख आहेत. पहिल्या लक्षणाची मुक्तस्रोत प्रकल्पांनी आपल्या परीने सोय लावली आहे. दुसरे लक्षण मात्र बऱ्याच ठिकाणी अद्याप अभावानेच आढळते. कारण परवाना फुकट घेणाऱ्यावर गाळ काढण्याचे बंधन घालीत नाही.

दोन व्यवस्थांतील एक भेद मात्र दृष्टिआड करता येत नाही. मुक्तस्रोत प्रकल्पात मतभेद विकोपास गेले तर असंतुष्ट गटाला संपूर्ण संहिता घेऊन वेगळी चूल मांडता येते. बंधारा मात्र असा उचलून नेता येत नाही. म्हणून फडाच्या पंचांना तडजोड साधावीच लागे, आणि त्यांच्या नियमांत जी समतेची काळजी दिसते ती बहुधा या अपरिहार्यतेतूनच आली असावी. वेगळे होण्याची मुभा हे स्वातंत्र्याचे रक्षण आहे हे खरे, परंतु त्या मुभेमुळे एकत्र राहण्याची विद्या शिकण्याचे कारण कमी होते, हेही तितकेच खरे.

७

महाराष्ट्र शासनाने २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन करवून घेण्यासंबंधीचा कायदा केला आणि पाणीवापर संस्थांना वैधानिक स्थान दिले. जे पांझरेच्या काठी शतकानुशतके रूढीने चालत होते, ते आता कलमांच्या रूपाने परत आणण्याचा हा प्रयत्न होय. परंतु कलमे लिहिल्याने गाव उभे राहत नाही. फडाचे नियम टिकले ते प्रत्येक नियमाचे कारण प्रत्येक लाभधारकाला ठाऊक होते म्हणून. खानदेशातील महाविद्यालयांतून संगणकशास्त्राचे जे विद्यार्थी मुक्तस्रोत प्रकल्पांत भाग घेऊ इच्छितात, त्यांना योगदानाच्या नियमांची यादी पाठ करणे कठीण नाही. एका पॅचमध्ये एकच बदल का, खाली नाव का, आणि राखणदाराच्या शंकेचे उत्तर देणे हे सौजन्य नसून कर्तव्य का, हे समजण्यास मात्र पांझरेकाठचा एखादा जुना पाट आणि त्याच्या दोन्ही अंगांस काढून टाकलेला गाळ पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. तो गाळ ज्यांनी काढला त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. पाणी मात्र त्यांच्यामुळेच वाहत राहिले.